फाट्यावरचा थांबा: अलीकडे की पलीकडे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुमचं गाव राज्य महामार्गापासून दीड किलोमीटर आत, उत्तरेला. महामार्ग पूर्व-पश्चिम, तालुका पूर्वेला. रस्ता रुंद होणार आहे आणि आमदार निधीतून एका प्रवासी निवाऱ्याचे पैसे मंजूर झालेत. ग्रामपंचायतीत दोन तट पडले आहेत. एकांना निवारा फाट्याच्या तोंडाशी, पश्चिमेच्या कडुनिंबाखाली, पानठेल्याला लागून हवा आहे. दुसऱ्यांना तो दूर मोकळ्या जागी हवा आहे. त्यात तुम्ही कुठंतरी वाचलंत की शहरात सिटी बसचा थांबा चौक ओलांडून पुढे ठेवतात. तोच नियम फाट्यालाही लागू होतो का, असं तुम्ही विचारता. बहुतेक गाड्या सरळ जातात, दोन गाड्या गावात वळतात.

उत्तर आधी देऊन टाकतो. सरळ जाणाऱ्या गाडीचा थांबा दोन्ही दिशांना फाटा ओलांडून पुढेच हवा. गावात वळणाऱ्या गाड्यांचा थांबा महामार्गावर नकोच, तो गावरस्त्यावर आत घ्या. म्हणजे कडुनिंबाखालची जागा बाद. तिथं निवारा बांधण्यापेक्षा न बांधलेला बरा, असं मी स्पष्ट म्हणेन. आता कारणं.

एसटीची गाडी थांबली की ती गाडी राहत नाही, भिंत होते. अडीच मीटर रुंद, माणसाच्या दुप्पट उंच, दहा-बारा मीटर लांब भिंत. थांबा कुठं ठेवायचा या प्रश्नाचा निम्म्याहून जास्त भाग एवढाच आहे: ही भिंत कोणापासून काय लपवते?

तुमच्या गावातला पोरगा मोटरसायकलवर फाट्याच्या तोंडाशी येऊन उभा आहे असं धरा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे त्याला पहिला धोका उजवीकडून, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या गाडीचा. तालुक्याकडे जाणारी एसटी कडुनिंबाखाली, फाट्याच्या अलीकडे उभी असेल तर ती नेमकी त्याच्या उजव्या डोळ्यासमोर येते. मागची जीप एसटीला ओलांडून पुढे येते, तीही रस्त्याच्या मधून किंवा पार उलट्या बाजूने, आणि पोरग्याला दिसते तेव्हा ती फाट्याच्या तोंडात असते. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तिला पूर्ण थांबायला चालकाला समोर १२० मीटर मोकळं दिसावं लागतं, रस्ता आखताना आम्ही हाच आकडा धरतो. इथं दिसतात दहा-पंधरा मीटर.

तीच एसटी फाटा ओलांडून पुढे, पूर्वेला थांबली, तर पोरग्याची उजवी बाजू मोकळी राहते. तिला ओलांडणारी जीपही तोपर्यंत फाट्याच्या पुढे निघून गेलेली असते.

आता पायी माणसाचं. गाडीतून उतरलेला माणूस रस्ता ओलांडताना बहुतेक वेळा फाट्याकडेच चालू लागतो, कारण गावाची वाट तिथूनच. थांबा फाट्याच्या अलीकडे असेल तर फाटा गाडीच्या तोंडाकडे येतो, म्हणून तो गाडीच्या समोरून ओलांडतो. मागून येणाऱ्याला तो दिसत नाही, त्याला मागचा दिसत नाही. एसटीच्या नाकासमोरून बाहेर पडलेल्या शाळकरी पोराला जीपने उडवल्याचे पंचनामे मी वाचलेत, आणि ते सगळे जवळजवळ एकाच मजकुराचे असतात. थांबा पुढे असेल तर फाटा गाडीच्या शेपटीकडे राहतो. माणूस मागे वळतो, गाडीच्या पाठीमागून ओलांडतो आणि मागून येणाऱ्या चालकाला तो पूर्ण दिसतो. दोन्ही दिशांचे थांबे असे ठेवले की दोन गाड्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात फाटा आणि माणसांची ओलांडणी येते. कागदावर दोन रेघा मारून बघा, लगेच पटेल.

शहरात पलीकडचा थांबा पसंत करण्यामागे आणखी कारणं आहेत, ती सगळी तुमच्याकडे उचलून आणू नका. शहरात सिग्नल असतो. थांबा अलीकडे असला की बस हिरव्या दिव्यात माणसं चढवत बसते, दार लागेपर्यंत दिवा लाल होतो आणि ती पुन्हा उभी, एका चौकात दोनदा. पलीकडे असला की बस सिग्नल मागे टाकून थांबते, आणि सिग्नलने मागची वाहतूक अडवली की तिला रस्त्यात परत शिरायला मोकळीक मिळते. डावीकडे वळणारे लोक थांबलेल्या बसला वळसा घालून तिच्या नाकासमोरून डावी मारतात, तेही टळतं. उलट तोटा असा की पलीकडे एकामागून एक तीन बस आल्या तर शेपूट चौकात अडकतं. तुमच्या फाट्यावर सिग्नल नाही आणि बस तासाला एक. तुम्हाला कामाची आहेत ती दोनच कारणं, दिसणं आणि ओलांडणं.

आता अंतर. इथं मी स्वतः एकदा तोंडावर आपटलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रामीण महामार्गांवरच्या बसथांब्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची (रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची) एक पुस्तिका आहे, आयआरसी ८०, सन १९८१ ची. तिच्यात थांबा चौकापासून शक्यतो ३०० मीटर लांब असावा असं म्हटलंय, पण गावरस्त्याच्या छोट्या फाट्याला ६० मीटरही चालतील अशी सूट दिली आहे. त्या सुटीने प्रवाशांची पायपीट वाचते. मी तेव्हा तरुण होतो, पुस्तक पाठ होतं आणि सूट मागणं म्हणजे कमीपणा वाटायचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका फाट्यावर थांबा ३०० मीटरवर आखला. शेड बांधलं, पाटी लावली, फोटो काढून फाइलला लावला. दीड वर्षाने तिकडून जाताना बघतो तर शेडमध्ये बकऱ्या बसलेल्या, कुणीतरी पऱ्हाटीच्या मोळ्या रचलेल्या आणि माणसं सगळी फाट्याच्या तोंडाशी निंबाखाली. गाड्याही तिथंच थांबत होत्या, कारण एसटीचा ड्रायव्हर पाटी बघून थांबत नाही, हात बघून थांबतो. भाजीचं बोचकं घेऊन बसलेल्या एका आजीला विचारलं तर म्हणाली, "बापा, थे शेड तुमचं, हा निंब आमचा. एवढ्या उनात तिकडं कोन जाईन?" त्याच पावसाळ्यात तिथं एका पोराचा पाय मोडला, वर सांगितला तसाच: उभी एसटी, मागून जीप, गावातून आलेली मोटरसायकल. पोरगा वाचला. थांबा कागदावर बरोबर होता आणि जमिनीवर नव्हताच, ही चूक माझी होती, ड्रायव्हरची नाही.

३०० मीटरला अर्थ नाही असं नाही. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातलं जाम हे गाव घ्या. नागपूरहून आलेला रस्ता तिथून हिंगणघाटकडे सरळ जातो आणि चंद्रपूरचा रस्ता वेगळा फुटतो. ट्रक, ट्रॅव्हल्स, एसटी सगळ्या तिथं दिशा बदलतात. अशा मोठ्या चौकाजवळ थांबा दूरच हवा. तुमचा फाटा म्हणजे मोटरसायकली, चार ऑटो आणि हंगामात कापसाच्या ट्रॉल्या. तिथं ६० मीटर पुरे. म्हाताऱ्या माणसाचा वेग सेकंदाला पाऊण-एक मीटर धरला तर थांब्याच्या मधोमध पोचायला दोनेक मिनिटं लागतात. ३०० मीटरला पाच-सहा मिनिटं, मे महिन्यात ४५ अंशांत. आणि हल्ली फाट्यावर म्हातारी माणसं वाढलीत हे विसरू नका. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट झाली, २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. जी आजी आधी घरीच बसायची ती आता लेकीकडे जाऊन येते.

तुमच्या नकाशात पूर्वेला नाल्यावरचा पूल १८० मीटरवर आहे. हिशेब करू. फाट्याचं वळण जिथं संपतं तिथून ६० मीटर सोडा. मग बस रस्त्याबाहेर उतरण्यासाठी तिरका भाग. तो १ ला ८ या प्रमाणात ठेवायचा, अगदी जागा नसेल तर १ ला ६. बसची खाच, म्हणजे रस्त्याच्या कडेला बस उभी करायची आत घेतलेली जागा, ३ मीटर खोल धरली तर तिरका भाग २४ मीटर. एका बसला १५ मीटर सरळ जागा, दोन बसना ३०. पुन्हा बाहेर पडायला २४. दोन बसचा थांबा १३८ मीटरवर संपतो आणि पुलाच्या आधी ४२ मीटर शिल्लक राहतात. जागेत बसतंय. दोन बसची जागा मागा, कारण त्यातली एक कायम काळी-पिवळीने खाल्लेली असेल. ते थांबवायला तिथं रोज पोलीस उभा राहणार नाही, तेव्हा जागाच जास्त ठेवलेली बरी.

ही खाच मात्र खरी हवी, नुसता पांढरा पट्टा नको. आपली काळी माती तुम्हाला मी सांगायला नको. साईडपट्टी उन्हाळ्यात भेगाळते आणि जुलैत लोण्यासारखी होते. एका पावसाळ्यात मी पाहिलेली गाडी डाव्या चाकांनी निम्मी रुतून कलली होती, प्रवासी उजव्या बाजूला उभे करून ट्रॅक्टरने ओढून काढली. नंतर त्याच मार्गावरच्या ड्रायव्हरला विचारलं, थांब्यावर गाडी बाजूला का घेत नाही? म्हणाला, "साहेब, एकडाव फसलो. आता डांबर सोडत नाई." त्याचं बरोबर आहे. खाचेखालची काळी माती काढून मुरूम भरला, खडी दाबली आणि वर डांबर किंवा काँक्रीट केलं, तरच ड्रायव्हर आत उतरेल. मध्ये चार बोटांची जरी पायरी राहिली, पाणी साचलं, तरी तो रस्त्यावरच उभा राहणार.

आणि तो रस्त्यावर उभा राहिला तर पलीकडच्या थांब्याचाही फायदा अर्धा जातो, हे प्रामाणिकपणे सांगतो. फाट्यापुढे डांबरावर उभी एसटी पोरग्याची उजवी बाजू मोकळी ठेवते, पण डावीकडून, तालुक्याकडून येणारी गाडी झाकते. खाचेत उतरली की दोन्ही बाजू मोकळ्या. म्हणून जागा आणि खाच हे दोन वेगळे विषय समजू नका. रुंदीकरणाच्या अंदाजपत्रकात खाचा आत्ताच घालून घ्या, नंतर त्यासाठी स्वतंत्र पैसे कुणी देत नाही.

गावात वळणाऱ्या दोन गाड्या. तालुक्याकडून येणारी गाडी गावात शिरताना उजवी मारते. तिने आधी डाव्या कडेला थांबून माणसं उतरवली आणि मग तिथूनच आडवं जाऊन उजवी घेतली, तर दोन्ही दिशांची वाहतूक तिच्या अंगावर येते. तिने आधी वळावं आणि गावरस्त्यावर, तोंडापासून किमान दोन बसच्या लांबीइतकं आत जाऊन थांबावं. त्यापेक्षा जवळ थांबली तर मागची ट्रॉली महामार्गावर लटकते. परत जाताना तीच जागा. मुलींना शाळेत नेणारी मानव विकास योजनेची गाडी येत असेल तर तीही आतच. मुली महामार्गावर उतरतच नाहीत, याहून चांगलं काय.

आता एकाच निवाऱ्याचे पैसे. माणसं वाट बघतात ती जाताना. येताना फक्त उतरतात आणि चालू लागतात. म्हणून निवारा तालुक्याकडे जाणाऱ्या बाजूला, म्हणजे तुमच्या बाबतीत उत्तरेच्या कडेला, फाट्याच्या पूर्वेला. सुदैवाने ही बाजू गावाचीच आहे, सकाळी कुणाला रस्ता ओलांडावा लागत नाही. ओलांडणी होते ती संध्याकाळी, शेवटच्या गाडीला, अंधारात, हातात पिशव्या घेऊन. ७ मीटरचा रस्ता म्हाताऱ्या पायाने ओलांडायला नऊ सेकंद, तेवढ्यात ८० च्या वेगाची गाडी दोनशे मीटर पुढे येते. तेव्हा दिव्याचा खांब निवाऱ्याजवळ लावू नका, सगळे तिथंच लावतात. तो फाट्यावर, ओलांडणीच्या जागी लावा. समोरच्या थांब्याला सध्या पाटी, खाच आणि टेकायला एक ओटा पुरे.

निवाऱ्याबद्दल एक बारीक गोष्ट, जी आराखड्यात हमखास चुकते. तुमच्या थांब्यावर गाडी पश्चिमेकडून येणार आणि दुपारचं ऊनही पश्चिमेकडूनच. ऊन अडवायला पश्चिमेची भिंत भरीव बांधली की आतल्या माणसाला गाडी दिसत नाही, मग तो बाहेर उन्हात येऊन उभा राहतो आणि निवारा पुन्हा बकऱ्यांचा. त्या बाजूला विटांची जाळी करा. वारा येतो, ऊन तुटतं, गाडी दिसते. पत्रा नको, स्लॅब किंवा कवेलू. आणि निवाऱ्यावर नावाची पाटी लावायचीच असेल, ती तर लागणारच, तर जाळीवर लावू नका.

रस्ता पुढे कधी चौपदरी झाला तर हे सगळं पुन्हा मांडावं लागेल. तेव्हा दुभाजकातली फट कुठं सोडतात यावर थांबा ठरतो, कारण फट लांब असेल तर लोक दुभाजकावरूनच चढून जातात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उड्डाणपूल झाला तर आणखी एक दुखणं: थांबा खाली सर्व्हिस रोडवर आणि जलद गाड्या वरून निघून जातात, कधी माणसांना पुलाच्या तोंडाशीच उतरवतात. तो ठराव त्या वेळी करा, आत्ता नको.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. ग्रामसभेचा ठराव, सोबत मोजमापांसह हाताने काढलेला नकाशा. एक प्रत आगार व्यवस्थापकांना, एक विभाग नियंत्रकांना, एक रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या बांधकाम उपविभागाला, कारण निवारा त्यांच्या हद्दीत बसणार. कुणी म्हणेल थांबा सरकवला की भाडं बदलेल, तर तसं होत नाही. एसटीचा भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा आहे, शंभर मीटरने काही होत नाही.

ठरावाआधी एक दिवस द्या, तो बाजाराचा दिवस असू द्या. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत फाट्यावर दोघं बसा. प्रत्येक गाडी थांबली की पुढच्या चाकाजवळ कडेला फक्कीची खूण करा आणि किती चढले, किती उतरले, उतरलेले गाडीच्या पुढून गेले की मागून, एवढंच वहीत लिहा. संध्याकाळी त्या खुणांच्या गर्दीकडे बघितलं की ग्रामपंचायतीतलं निम्मं भांडण मिटतं. मग नवीन जागी आठ-पंधरा दिवस नुसता बांबू रोवून, पाटी टांगून गाडी थांबवून बघा. बांधकामाच्या आधी चूक कळली तर ती एका बांबूची असते.

राहिला कडुनिंब आणि पानठेला. निंब तोडू देऊ नका, तो पश्चिमेला आहे, रुंदीकरणात वाचत असेल तर वाचवा, फक्त त्याच्या खालच्या फांद्या छाटून नजर मोकळी करा. नवीन खाचेच्या मागे या पावसाळ्यात तीन निंब लावा. ठेलेवाल्याशी मात्र ठरावाच्या आधी बोला. माणसं सावलीला थांबतात, तितकीच चहा, खर्रा आणि "गाडी गेली का?" याचं उत्तर देणाऱ्या माणसापाशी थांबतात. त्याला निवाऱ्याच्या पूर्वेला, गाडी पुढे निघते त्या बाजूला, खाचेपासून चार पावलं मागे जागा द्या. पश्चिमेला दिलीत तर जाळीतून ठेलाच दिसेल. तो निंबाखालीच राहिला तर तुमचा निवारा कितीही बरोबर जागी असो, गाडी निंबाखालीच थांबेल.